माझ्या मापाची सायकल

पहाटे अंगणातल्या फरशीवर पाय ठेवला, गारठा टाचेतून गुडघ्यापर्यंत चढला आणि कळलं, द्राक्षं तयार झाली. मला त्यासाठी कॅलेंडर लागत नाही. आधी डावा गुडघा बोलतो. मग नदीपलीकडच्या रस्त्यावर रिकाम्या क्रेटांचे टेम्पो खडखडायला लागतात. मग एखाद्या सकाळी वाऱ्याची झुळूक येते, तिच्यात थोडा ओल्या मातीचा, थोडा औषधफवारणीचा आणि थोडा साखर भरलेल्या मण्यांचा वास असतो. त्या वासाला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर मी अत्तर म्हणून लावलं असतं.

या वर्षी हंगामासोबत नातही आली. सई कॉलेजात जाते आणि सायकलीवरून जगभर फिरायच्या गोष्टी करते. तिची नवी सायकल अ‍ॅल्युमिनियमची, गिअरवाली, चकचकीत.

"आजी, एका हाताने उचलून बघ," म्हणाली.

उचलली. खरंच, भरल्या पिशवीएवढंही वजन नाही. मी चष्मा लावून तिचे सांधे पाहिले. मुंग्या एकामागोमाग एक चालाव्यात तशी वेल्डिंगची बारीक रांग, कुठे खंड नाही. छान काम होतं. यंत्राने केलेलं असो की माणसाने, छान ते छान.

"आता तर कार्बनच्या निघाल्यात," सई सांगत होती. "कापडाचे थर गोंदात भिजवून साच्यात दाबतात. त्या याच्याहून हलक्या."

"कापडाची सायकल," आतून हे म्हणाले. "मग आजीला सांग, जुन्या लुगड्यांची एक शिवून घेऊ."

नळाजवळ माझी सायकल उभी होती. काळी, दणकट, दांडीला मधे खोलगट बाक दिलेली. सांध्यांजवळचा रंग उडून आतली पितळेची सोनेरी रेघ दिसायला लागली आहे. तिच्याकडे पाहून सई हसली. मी तिला म्हटलं, हसू नकोस, एके काळी मीही अ‍ॅल्युमिनियमवरच भाळले होते.

त्या वेळची मी तुम्हाला दाखवायला हवी. नव्वदच्या दशकाची सुरुवात, माझी चाळिशी नुकतीच उलटलेली. हे एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात फिटर, आम्ही तिथल्याच कॉलनीत. दोरीवरच्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसायचा, म्हणून मी पांढरं काही नेसायचंच नाही असं ठरवलेलं. आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. वर्तमानपत्रात आलेली नवी गोष्ट शेजारणींना अशी सांगायचे, जणू तो शोध मीच लावला होता. आज ती बाई माझ्या दारात आली तर मी चहा देईन, पण बिस्किटं लपवून ठेवीन.

आदल्या हंगामात मी नदीपलीकडच्या अण्णांच्या शेडमध्ये द्राक्षांची प्रतवारी करायला जात होते. अण्णा म्हणजे जुने बागाईतदार, पांढरी टोपी, बोलणं कमी. शेडमध्ये खाली बसून घड देठाला धरून उचलायचा, मण्यांवरची पांढरी लव पुसली जाता कामा नये, फुटका मणी कात्रीने काढायचा. मला ते काम इतकं आवडलं की घरी भेंडीसुद्धा देठाला धरून उचलायला लागले. घड बघून त्यात साखर उतरली की नाही हे मला सांगता यायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

पुढच्या हंगामाआधी अण्णांनी बोलावलं. "बाई, या वेळी शेडमध्ये बसू नका. बागोबाग जाऊन कोणता प्लॉट तोडायचा ते तुम्ही सांगायचं. पण बागा चार दिशांना हायेत. सायकल येती का?"

"येते की," मी म्हटलं.

"नाय तर भाच्याला ठेवतो. त्याच्याकडं लूना हाय, नजर नाय. पण पोचतो तरी."

"अहो, येते म्हटलं ना."

मला सायकल येत नव्हती. कधीच आली नव्हती. आणि ते काम मला इतकं हवं होतं की त्या रात्री मी झोपेत घड तपासले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या नजरेसाठी बोलावत होतं. स्वयंपाकासाठी नाही, कुणाची बायको म्हणून नाही.

सायकल न येण्याचं कारण मी सगळ्यांना सांगायचे ते असं, की मला आवडत नाही. खरं कारण माझ्या डाव्या पायात होतं. लहानपणी चिंचेवरून पडले, हाड जुळलं पण आखूड जुळलं. बोटभर फरक. लग्नाआधी आईने विश्वासातल्या कारागिराकडून चपला शिवून घेतल्या, डावीचा तळ जाड. साडीच्या निऱ्या जरा खाली सोडायच्या, सावकाश चालायचं, झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी यांना हे ठाऊक नाही अशी माझी पक्की समजूत होती. एका घरात राहणाऱ्या, माझ्याच चपलांना अडखळून रोज बाहेर जाणाऱ्या माणसाला. इतकी मी हुशार.

दुकानातल्या सायकलींवर यांनी मला बसवून पाहिलं. कुठे पाय पोचेना, कुठे साडी अडके. "सायकल तुझ्या मापाची नाही," हे म्हणाले, आणि मला जुन्या नाशकात, तांब्यापितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या आळीजवळ एका मिस्त्रींकडे घेऊन गेले. ते सायकलची फ्रेम हाताने बांधत. नाव रघुनाथ, पण गळ्यात शिंप्यासारखी टेप लटकलेली, म्हणून आळीत त्यांना सायकलचे मास्तर म्हणत. हे नाव आपणच पसरवल्याचं ते अभिमानाने सांगत.

"ताई, नाशकात कापडं शिवणारे पुष्कळ. सायकल शिवणारा एकच," ते म्हणाले.

"झालं यांचं सुरू," आतून भट्टीजवळून आवाज आला. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणत. माप, बोलणं आणि गिऱ्हाईक मिस्त्रींकडे. आग वहिनींकडे.

तिथे एक रीत होती. भट्टी म्हणजे देव, म्हणून कारखान्यात चपला घालून जायचं नाही. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग. मी म्हटलं, टाचेला भेग पडली आहे, मी इथेच पायरीवर उभी राहते. मिस्त्री म्हणाले, चालेल. दाराच्या चौकटीवर गिऱ्हाइकांच्या कमरेच्या उंचीच्या खडूच्या खुणा होत्या, प्रत्येकीपुढे नाव. चपलेसकट माझीही एक ओढली. पायाचं माप, हाताचं माप, खांद्यापासून मुठीचं. एवढ्या काळजीने माझं ब्लाऊजसुद्धा कोणी बेतलं नव्हतं.

"कशाची करू?" त्यांनी विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. एका पाहुणीने परदेशातून आणलेल्या मासिकात मी एक चित्र पाहिलं होतं. "अ‍ॅल्युमिनियमची," मी मान ताठ करून म्हटलं. "विमानं त्याचीच करतात."

"ताई, विमानाला खड्डे नसतात. आणि माझ्याकडं जे अ‍ॅल्युमिनियम मिळतं त्याचं चहाचं पातेलं होतं. सायकल करू का पातेलं?"

आतून वहिनी हसल्या. हेही हसले. मी विमानावरून उतरले.

मग मिस्त्रींनी दोन नळ्या आणल्या. एक साधी, शिवण असलेली. दुसरी अखंड ओढलेली, पातळ भिंतीची. दोन्ही दोऱ्याने टांगून हातोडीच्या दांड्याने हलकं टोकलं. पहिली ठक्क म्हणाली. दुसरी देवळातल्या घंटेसारखी वाजली आणि वाजतच राहिली. मला ते सगळं समजलं असं नाही. पण तो नाद ऐकून मी म्हटलं, "हीच." त्या दिवसातलं माझं तेवढं एकच बोलणं आज मला पटतं.

फ्रेम बांधताना पाहायला मी मुद्दाम दोनदा बसने गेले, आणि दोन्ही वेळा टाचेची भेग घेऊन पायरीवरच बसले. वहिनी पदर खोचून बसायच्या. नळीचं तोंड कानशीने असं घासायच्या की ते दुसऱ्या नळीच्या पोटाला बिलगून बसावं. मध्ये उजेड दिसला की पुन्हा घासायच्या. मग सांध्यावर टाकणखाराचा लेप, मग ज्योत. लोखंड आधी निळसर, मग जांभळं, मग पिकलेल्या जांभळावर ऊन पडावं तसं लालसर. नेमक्या त्या क्षणी पितळेची कांडी टेकवायची. पितळ वितळायचं, आणि जणू सांध्याला तहान लागली होती अशा रीतीने आत ओढलं जायचं. बाहेर फक्त एक बारीक सोनेरी काठ उरायचा. पैठणीचा काठसुद्धा मी इतका वेळ बघत बसले नव्हते.

"लोखंड वितळत नाही का हो?" मी विचारलं.

"वितळलं तर माझी चूक. पितळ जातं मधे, लोखंड लोखंडच ऱ्हातं," वहिनी म्हणाल्या. "आन् असं डोळे फाडून बघू नका, दिपतील."

त्या देवळा तालुक्यातल्या. वडील सुतार, नांगर आणि जू करायचे. लग्न होऊन इथे आल्या आणि आगीचं काम शिकल्या. "मिस्त्रींनी शिकवलं?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "यांनी बोलणं शिकवलं असतं. मी बघून शिकले."

सायकल आली. काळी, सोनेरी रेघांची, दांडीला साडीसाठी बाक. त्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? जाड तळाची चप्पल सायकलीवर शोभत नाही म्हणून नाशिकरोडहून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. दोन्ही सारख्या तळाचे. कॉलनीतल्या बायका बघायला जमलेल्या. यांनी मागून कॅरिअर धरलं. उजवं पायडल गेलं, डावं गेलं, आणि तळाशी जाताना माझा पाय हवेत. पुन्हा उजवं, पुन्हा हवेत. मी अशी हेलकावत गेले आणि रस्त्याकडेच्या राखेच्या ढिगात पडले. उठले तेव्हा बूट, साडी, भुवया, सगळं एकाच रंगाचं. हे जवळ आले, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आता कपडे दोरीवर घालायची गरज नाही."

मग चपला घालून बसले. जाड तळ पायडलवर धरेना, सटकायचा. हंगाम तोंडावर आला होता. अण्णांचा भाचा लूना पुसत शेडपाशी दिसायला लागला होता. मी एकच निष्कर्ष काढला, फ्रेम वाकडी आहे.

तसं मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. "माझी फ्रेम वाकडी?" त्यांनी आळीतली चार माणसं बोलावली, पुढच्या सांध्यापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणली, दोन्हीकडची अंतरं सगळ्यांना दाखवली. केसाचाही फरक नाही. "ताई, सांगा आता, वाकडं काय आहे?"

मी खाली बघत होते. वहिनीही खालीच बघत होत्या, उंबऱ्यापाशी, माझ्या पायांकडे. हात पुसता पुसता म्हणाल्या, "गर्दी हटवा. आन् तुम्ही पण व्हा बाहेर. बाईचं माप बाई घेईल."

"माप मी घेतलंय," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही चपलेचं घेतलंय."

दार ओढलं. चपला बाहेर ठेवून मी त्या गार फरशीवर उभी राहिले, आणि उजवा गुडघा किंचित वाकवून उंची सारखी करायचा माझा जन्माचा डाव खेळले. वहिनींनी गुडघ्यावर हलकी चापट मारली. "सरळ." मग एक दोरा घेऊन कमरेपासून टाचेपर्यंत एक गाठ, दुसऱ्या पायाची दुसरी गाठ. दोन्ही गाठी माझ्यासमोर धरल्या. एक वर, एक खाली.

मी रडणार होते. त्यांनी तेवढा वेळ दिला नाही.

"माझा बाप जू करायचा," त्या म्हणाल्या. "दोन बैल सारखे कधीच नसायचे. एक कमी ओढायचा. मग बाप जुवाचं मधलं भोक जरा सरकवून पाडायचा, म्हणजे कमी ओढणाऱ्याला भार कमी. बैलाला थोडंच सांगतो, की वाढ म्हणून."

"मी बैल का?"

"बैल राखेत पडत नाही."

पायडलच्या डाव्या दांड्यावर त्यांनी मूळ भोकाच्या अलीकडे दुसरं भोक पाडलं. पायडल तिथे लावलं की त्याचा फेरा लहान होतो, आणि तळाशी ते वरच थांबतं, माझ्या पायाला भेटायला. भोकात आटे पाडताना म्हणाल्या, "डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जगात बाकी सगळं ज्या बाजूला सुटतं त्या बाजूला हे आवळतं. ध्यानात ठेवा." मग, मी काही न विचारता, उजव्या दांड्यावरही तसंच दुसरं भोक पाडलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

"हे कशाला?"

"एकीकडं भोक दिसलं तर लोक इचारतील. दोन्हीकडं दिसलं तर म्हणतील नमुना हाय."

आणि तसंच झालं. दार उघडताच मिस्त्रींनी दांडे पाहिले आणि जमलेल्या माणसांना सांगितलं, "ही आपली खास डिझाईन." त्या हंगामात आळीतल्या आणखी काहींनी आपल्या दांड्यांना दोन दोन भोकं पाडून घेतली, असं ऐकलं. ती कशासाठी हे त्यांतल्या कोणालाच माहीत नसणार. नाशकातली एक फॅशन माझ्या आखूड पायामुळे सुरू झाली याचा मला आजही अभिमान आहे.

सायकल शिकायला मला वेळ लागला नाही, कारण आता सायकल मला शिकवत होती. पहाटेच्या धुक्यात पूल ओलांडला की बागा सुरू होत. दोन्हीकडे वेलींचे मांडव, खाली पानांवरून टपटपणारं दव, कुठे शेकोटीचा धूर, तोडणीच्या बायका डोक्याला रुमाल बांधून हातांवर फुंकर मारत बसलेल्या. रस्ता कसला, दगड आणि चाकोऱ्या. पण ती अखंड नळी प्रत्येक दगड आपल्या अंगावर घ्यायची, थोडी लवायची, आणि माझ्यापर्यंत फक्त एक गुणगुण येऊ द्यायची. मी वेगात असले की फ्रेम खरोखर वाजत असल्याचा भास व्हायचा, त्या दिवशी दोऱ्याला टांगली होती तशी.

अण्णा पहिल्या बागेच्या तोंडाशी उभे होते. मी उतरले, घंटी उगाचच वाजवली, वाकून आधी या बागेतला, मग शेजारच्या मधल्या बागेतला एक घड देठाला धरून उजेडात पाहिला. "हा प्लॉट अजून थांबवा. मधला तोडा."

अण्णांनी मधल्या बागेतला एक मणी तोंडात टाकला, मग पहिल्या बागेतला टाकला, थुंकला. मग भाच्याला म्हणाले, "तू लूना घेऊन बाजारात जा. क्रेट आण."

तो हंगाम मी पूर्ण केला, आणि त्यानंतरचे कितीतरी. त्या सायकलीवर माझी चाल कोणाला कळत नव्हती, कारण सायकलीवर चाल नसतेच. चालताना मी चाळिशीची, संथ, निऱ्या सांभाळणारी बाई होते. दोन चाकांवर बसले की शिंगं फुटायची. एकदा तर तोडणीच्या पोरींशी शर्यत लावली आणि जिंकले. त्यांनी मुद्दाम जिंकू दिलं असेल, पण मी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात डावं पायडल मोडलं. यांनी नवं आणलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आता विचारतील, कुठल्या भोकात लावू. हे खाली बसले, पाना घेतला, क्षणभरही न थांबता पायडल अलीकडच्या भोकात धरलं, उलट्या बाजूने आवळलं, बोटाने फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, "चहा टाक." बस्स. त्या दिवशी चहात मी साखर दोनदा घातली. त्यांनी तो मुकाट्याने प्यायला.

आता मिस्त्री नाहीत. वहिनी देवळ्याला धाकट्या भावाकडे असतात, डोळे थकले आहेत, पण मागे सायकल टेम्पोत टाकून भेटायला गेले तेव्हा त्यांनी सायकलीच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला. सोनेरी काठ कुठे तुटलाय का ते बघत होत्या. नव्हता. "बरं हाय," एवढंच म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून, "दोघीही."

सईचा अ‍ॅल्युमिनियमवर जीव आहे, तो असू दे. उद्या कार्बनवर जाईल. कापडाचे थर हाताने मांडणारंही कुठेतरी कोणीतरी असेलच, डोळ्यांवर ताण देऊन, कोपऱ्यात हवा राहिली का ते बघत. माझं म्हणणं इतकंच, की कधीतरी एखादी वस्तू तुझ्याकडे बघून केलेली असावी. तुझ्या फोटोकडे नाही, तुझ्या चपलेकडे नाही, तुझ्याकडे. मग ती कशाचीही असो.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. आजी इतकं बोलली की नाती मोबाईल काढतात. तिने सकाळी माझी सायकल घेतली, गल्लीत एक फेरी मारली आणि हेलकावे खात परत आली.

"आजी, तुझी सायकल लंगडते गं."

"ती नाही लंगडत. तुझे पाय सारखे आहेत."

तिने वाकून पाहिलं. "अगं, इथे बाहेरच्या बाजूला आणखी एक भोक आहे. पायडल तिथे लावलं की नीट होईल. पाना दे, मी उद्या नेते कॉलेजला."

अण्णांचा मुलगा नुकताच येऊन गेला होता. काकू, मधल्या बागेचं काही कळत नाही, उद्या सकाळी एकदा नजर टाकाल का, असं विचारून. मी सायकलवरून येते म्हटलं होतं. या वेळी खरं बोलले होते.

मी सईला पाना दिला. ती खाली बसली, दात ओठ खाऊन डाव्या पायडलला भिडली, आणि जगात बाकी सगळं ज्या बाजूला सुटतं त्या बाजूला जोर लावू लागली. खिडकीतून हे बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट ओठांवर ठेवलं.

"घट्ट बसलंय गं खूप," सई म्हणाली.

"आणखी जोर लाव," मी म्हटलं.